आइस स्टॉर्मनंतर सरकारने काम नीट केलं की नाही, हे कशावरून मोजायचं?

पायवाट

नमस्कार मंडळी. लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रबंध लिहिते आहे. विषय आहे तीव्र हिवाळी वादळांनंतरचं सरकारी मदतकार्य आणि पुनर्वसन. तीन घटना निवडल्या आहेत: जानेवारी १९९८मधलं कॅनडाच्या क्यूबेक-ओंटारिओ प्रांतांतलं आइस स्टॉर्म (म्हणजे गोठणाऱ्या पावसाचं वादळ), जानेवारी २००९चं अमेरिकेच्या केंटकी राज्यातलं, आणि फेब्रुवारी २०२१ची अमेरिकेच्याच टेक्ससमधली थंडी. तिसरी घटना काटेकोरपणे आइस स्टॉर्म म्हणता येणार नाही, पण वीज जाणं, घरात गारठणं आणि सरकारची धावपळ हे तिन्हीकडे आहे.

माझे मार्गदर्शक म्हणतात, तुलना करायची तर एकच मापदंड धर: किती दिवसांत किती टक्के ग्राहकांची वीज परत आली. आकडे सगळीकडे मिळतात, आलेखही चांगला येतो. पण आलेख काढून बघितला आणि माझंच समाधान होईना. क्यूबेकच्या काही भागांत महिन्याहून जास्त काळ वीज नव्हती. टेक्ससमध्ये बहुतेकांची वीज आठवड्याच्या आत परतली. म्हणजे या मापाने टेक्सस कितीतरी पुढे. मृत्यू मात्र कॅनडात ३०च्या आसपास, आणि टेक्ससच्या आरोग्य खात्याने मोजलेले २४६.

मग हा मापदंड चुकीचा म्हणायचा का? आणि चुकीचा असेल तर त्याच्या जागी काय घ्यायचं? इथे वीजक्षेत्रातले, आरोग्यातले, सरकारी कचेऱ्यांतले लोक आहेत म्हणून विचारते. परीक्षकांसमोर उभं राहील असं उत्तर हवं आहे.

वीजवाहिनी

पायवाट, तुमची शंका रास्त आहे आणि ती सोडू नका. मी अतिउच्चदाब वाहिन्यांच्या आराखड्यांवर आयुष्यभर काम केलं, आणि १९९८ साली माँट्रियालच्या दक्षिण किनाऱ्यावर राहत होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वीज किती दिवसांत आली हे माप प्रामुख्याने काय मोडलं ते सांगतं. सरकार कसं वागलं ते नाही. टेक्ससमध्ये तारा आणि मनोरे बहुतांशी उभे होते. गॅसच्या विहिरी गोठल्या, वीजकेंद्रं बंद पडली, मागणी चढली. ग्रिड चालवणाऱ्या अर्कॉटला १५ फेब्रुवारीच्या पहाटे लोकांची वीज तोडावी लागली. नंतर त्यांनीच सांगितलं की पूर्ण ग्रिड कोसळायला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती. थंडी ओसरली, केंद्रं सुरू झाली, वीज आली. खांब उभारायची गरजच नव्हती.

क्यूबेकमध्ये पोलाद जमिनीवर पडलं होतं. ४ ते १० जानेवारीच्या दरम्यान गोठणारा पाऊस लाटांमागून लाटांनी आला. वरच्या थरात हवा उबदार, जमिनीलगत शून्याखाली. थेंब द्रवरूपातच खाली येतो आणि तारेला, फांदीला टेकताक्षणी गोठतो. माँट्रियाल परिसरात असा पाऊस आणि भुरभुर मिळून ८० तासांहून अधिक झाली, म्हणजे वर्षभरात सरासरी जितके तास होते त्याच्या जवळपास दुप्पट. शहराच्या दक्षिणेला काही ठिकाणी १०० मिमीपर्यंत पाऊस पडला.

त्याचा अर्थ काय ते गणित करून बघा. २५ मिमी व्यासाची तार घ्या. तिच्याभोवती सगळीकडून २५ मिमी जाडीचा बर्फ बसला तर दर मीटरला साधारण साडेतीन किलो वजन वाढतं. दोन मनोऱ्यांमध्ये ३०० मीटर अंतर असेल तर एका तारेवर एक टन. जाडी दुप्पट, म्हणजे ५० मिमी झाली की वजन दुप्पट होत नाही, तिप्पट होतं. त्यात एक मनोरा पडला की त्याच्या तारा शेजारच्याला ओढतात, तो पुढच्याला, आणि ओळच्या ओळ आडवी होते. हजाराच्या घरात पोलादी मनोरे आणि सुमारे ३०,००० लाकडी खांब गेले. सगळ्यात जास्त मार बसला तो सँत-यासँत, ग्रॅनबी आणि सँ-जाँ-स्यूर-रिशेलिउ या तीन गावांमधल्या पट्ट्याला. 'काळा त्रिकोण' हे नाव तिथूनच आलं. इतर प्रांतांतून आणि अमेरिकेतून लाईनमन आले, रात्रंदिवस राबले, तरी त्या त्रिकोणाला आठवड्यांमागून आठवडे लागले. त्या आठवड्यांना सरकारी ढिलाई म्हणणं त्या लाईनमनांवर अन्याय आहे.

तर मग सरकारचं काम कुठे दिसतं? वीज नसतानाच्या दिवसांत. माझं ठाम मत आहे की तुमचा प्रबंध तिथे उभा राहायला हवा. वीज येईपर्यंत माणसं कशी जगवली, हा प्रश्न धरा.

क्यूबेकमध्ये हा प्रश्न जास्तच टोकदार होता, कारण जलविद्युत स्वस्त असल्यामुळे बहुसंख्य घरं विजेवरच उबदार ठेवली जात. वीज गेली म्हणजे उष्णता गेली, त्याच क्षणी. प्रांताची जवळपास निम्मी लोकसंख्या अंधारात होती. ७-८ तारखेला प्रांताने लष्कर मागितलं. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारने ते पाठवलं आणि बघता बघता क्यूबेक, ओंटारिओ मिळून सुमारे १६,००० सैनिक उतरले. त्या मोहिमेला 'ऑपरेशन रिक्युपरेशन' नाव होतं. सैनिकांनी फांद्या तोडल्या, खांब ओढले, हे छायाचित्रांत दिसतं. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोलाचं काम फोटोत येत नाही: ते दार वाजवत फिरले. एकटी म्हातारी माणसं घर सोडायला तयार नसायची. काहींना चोरीची भीती, काहींची मांजर घरात, काहींना फक्त कुणावर भार व्हायचं नव्हतं. त्यांच्याशी बोलून, कधी दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा जाऊन, त्यांना निवाऱ्यात आणलं. सुमारे एक लाख लोकांनी निवाऱ्यांचा आसरा घेतला. मी एका शाळेच्या जिममध्ये उघडलेल्या निवाऱ्यात नावनोंदणीला बसायचे. वहीत माणसाचं नाव लिहायचं आणि लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: तुमच्या रस्त्यावर अजून कोण घरात आहे? आमच्या वह्यांमधली ती दुसऱ्या रकान्यातली नावं संध्याकाळी सैनिकांच्या तुकडीकडे जात. अशी साधी गोष्ट कुठल्याच टक्केवारीत येत नाही, पण जीव तिथे वाचतात.

प्रीमियर, म्हणजे प्रांताचे सरकारप्रमुख ल्युसियाँ बुशार आणि हायड्रो-क्यूबेक या प्रांताच्या वीज कंपनीचे प्रमुख आंद्रे काये रोज ठरल्या वेळी पत्रकार परिषद घ्यायचे. किती वाहिन्या पडल्या, कुठे किती दिवस लागतील, निवारे कुठे आहेत. बॅटरीच्या रेडिओवर आम्ही ते ऐकायचो. 'अजून दोन आठवडे लागतील' हे कळलं की माणूस निर्णय घेतो, बॅग भरतो. 'लवकरच' असं ऐकलं की तो थंड घरात वाट बघत बसतो.

तुमच्या प्रबंधात एक तारीख नक्की घ्या: ९ जानेवारी. त्या दिवशी माँट्रियालला पोसणाऱ्या वाहिन्यांचा जेमतेम आधार उरला आणि शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रांची वीज गेली. पिण्याचं पाणी, आग विझवायचं पाणी, इस्पितळं, सगळं त्याच्यावर. मोठ्या शहरात आइस स्टॉर्म तारांवरून पाण्यावर किती पटकन उतरतं, हे त्या दिवशी दिसलं. म्हणून 'पाण्याच्या पंपांना, इस्पितळांना, निवाऱ्यांना किती तासांत पर्यायी वीज मिळाली' हा तुमचा एक खरा निकष होऊ शकतो. बुशरव्हिल गावाने तर कॅनेडियन नॅशनल रेल्वेचं डिझेल इंजिन रुळांवरून उतरवून रस्त्याने चालवत आणलं आणि नगरपालिकेच्या इमारतीला त्यावर वीज दिली. डिझेल इंजिन म्हणजे चाकांवरचं वीजकेंद्रच असतं, हे कुणाला तरी सुचलं आणि कुणीतरी परवानगी दिली. ती परवानगी किती वेळात मिळाली, हेही प्रशासनच.

मृत्यूंची तुलना करताना मात्र जपून. टेक्ससमध्ये ४५ लाखांहून अधिक घरांची वीज गेली, म्हणजे एक कोटीहून जास्त माणसं. कॅनडात ४० लाखांच्या वर. प्रमाण लावून बघा, तरीही टेक्ससचा आकडा जडच राहतो, आणि तोही कितीतरी कमी दिवसांत. शिवाय मृत्यू मोजायची पद्धत दोन्हीकडे सारखी नाही, ते तळटीपेत लिहा, नाहीतर परीक्षक तिथेच पकडतील.

निशिगंध

वीजवाहिनीताईंनी दारं वाजवण्याबद्दल लिहिलं ते वाचून राहवलं नाही. मी इमर्जन्सी वॉर्डात नर्स आहे, ओंटारिओत. या वादळांत आमच्याकडे येणारा पहिला रुग्ण थंडीने गारठलेला असेलच असं नाही. घरातली चारही माणसं डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून एकत्र येतात आणि म्हणतात, फ्लू झालाय. चौघांना एकाच संध्याकाळी फ्लू होत नाही. आम्ही पहिल्यांदा विचारतो: घरात काय पेटवलं होतं? बार्बेक्यू, कॅम्पिंगचा स्टोव्ह, गॅरेजमध्ये दार अर्धवट उघडं ठेवून चालवलेला जनरेटर. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. बाहेर मोकळ्या हवेत आलं की बरं वाटतं, परत घरात गेलं की पुन्हा दुखायला लागतं, ही मोठी खूण.

जनरेटर घरापासून निदान ६ मीटर लांब, खिडक्या-दारांकडे धूर जाणार नाही असा ठेवायचा. हे वाक्य सरकारने वादळाच्या आधी सांगायला हवं, कारण वीज गेल्यावर टीव्ही बंद आणि फोनची बॅटरी संपत आलेली. आणि सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगायला हवं. डिसेंबर २००६मध्ये सिएटल परिसरात वाऱ्याच्या वादळाने वीज गेली तेव्हा नव्याने आलेल्या स्थलांतरितांमध्ये ही विषबाधा फार झाली. घरात कोळसा पेटवू नका, हे सिएटल टाइम्सने पहिल्या पानावर अनेक भाषांमध्ये छापलं. पायवाट, तुम्ही तिन्ही घटनांत हे शोधा: इशारा कोणत्या भाषांत गेला, आणि वादळाच्या किती आधी गेला.

दुसरा वर्ग म्हणजे घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असणारे, घरी डायलिसिस करणारे. त्यांची यादी कुणाकडे आहे? वीज कंपनीकडे थोडी, आरोग्य खात्याकडे थोडी, आणि संकटाच्या रात्री त्या दोन याद्या एकमेकींना भेटतात का? मला हा प्रश्न फार छळतो. गोपनीयतेचे नियम हवेतच, पण आणीबाणीत यादी कुणाला, किती काळासाठी उघडायची, हे आधी लिहून ठेवता येतं.

आणि पुनर्वसन वीज आल्यावर संपत नाही. मॅकगिल विद्यापीठाच्या सुझान किंग यांनी १९९८च्या वादळात गरोदर असलेल्या स्त्रियांच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आईने प्रत्यक्ष किती हाल सोसले, किती दिवस अंधारात काढले, याचा मुलांच्या भाषिक आणि बौद्धिक वाढीशी संबंध त्यांना दिसला. तुमच्या आलेखाची क्षैतिज रेषा किती लांब ओढायची, याचा विचार करताना हे लक्षात असू द्या.

पायवाट

ताई, निशिगंध, दोघींचे मनापासून आभार. 'काय मोडलं' आणि 'सरकार कसं वागलं' वेगळं करायचं, हे पहिल्यांदा स्पष्ट झालं. केंटकीबद्दल आणि पैशांबद्दल कुणी लिहील का? अमेरिकेत फेडरल मदत नेमकी कशी सुटते, हे कायदा वाचून अर्धवटच कळलंय.

हिशेबनीस

पैशांबद्दल मी लिहितो. अमेरिकेतल्या एका ग्रामीण कौंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कचेरीत आपत्ती निवारणाचा हिशेब माझ्याकडे असतो.

आधी केंटकी. २६-२७ जानेवारी २००९ला वादळ आलं, ७ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. राज्य सरकारचे प्रमुख, गव्हर्नर स्टीव्ह बेशिअर यांनी राज्याच्या इतिहासात पहिल्यांदाच संपूर्ण आर्मी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, बोलावलं, एकूण सुमारे ४६०० जवान. पश्चिम भागात मोबाइलचे टॉवर बंद, फोन बंद, त्यामुळे कुठे कोण अडकलंय हे कळायला जवानांना घरोघर जाण्यावाचून मार्ग नव्हता. हॅम रेडिओवाल्यांनी, म्हणजे हौशी रेडिओचालकांनी, निरोप पोचवले. म्हणजे ताईंचा 'दार वाजवा' निकष इथेही जसाच्या तसा लागतो.

आता मदत. १९८८च्या स्टॅफर्ड कायद्यात दोन पायऱ्या आहेत. पहिली 'इमर्जन्सी' घोषणा: जीव वाचवण्यासाठी लगेच लागणारी मदत, म्हणजे जनरेटर, पाणी, ब्लँकेट. दुसरी 'मेजर डिझास्टर': त्यात दुरुस्तीचा खर्च येतो. दोन्ही गव्हर्नरने मागायच्या, राष्ट्राध्यक्षाने द्यायच्या. केंटकीला पहिली २८ जानेवारीला मिळाली, दुसरी ५ फेब्रुवारीला. मोठ्या आपत्तीत सार्वजनिक खर्चाचा किमान ७५ टक्के वाटा फेडरल सरकार उचलतं, बाकी राज्य आणि आम्ही.

इथे एक गोष्ट पुस्तकं वाचून लक्षात येत नाही. आइस स्टॉर्ममध्ये घरं वाहून जात नाहीत, छपरं बहुधा शाबूत राहतात. त्यामुळे कुटुंबांना थेट मिळणारी मदत अनेकदा मंजूरच होत नाही. सगळा पैसा रस्त्यावरच्या फांद्या, आणीबाणीतलं काम आणि वीजयंत्रणा यांच्यासाठी येतो. वीजयंत्रणेतही भेद आहे: ग्रामीण वीज सहकारी संस्था ना-नफा म्हणून मदतीला पात्र असतात, भागधारकांच्या खासगी कंपन्या नसतात. ज्या म्हातारीचा फ्रीज रिकामा झाला, पाइप फुटला, मजुरी बुडाली, तिच्या हाती काय आलं? पायवाट, कृपा करून हा रकाना तुमच्या तक्त्यात घाला. घोषणा झाली, एवढ्याने माणसाला मदत मिळाली असं होत नाही.

आणि कागद. झाडाला लटकलेली फांदी तोडायचा खर्च मागायचा तर ती दोन इंचांहून जाड हवी, रस्त्यावर पडण्याचा धोका हवा, फोटो हवा. ट्रकमध्ये किती घनयार्ड कचरा गेला हे मोजायला माणूस उभा करावा लागतो. आमच्या कायम कर्मचाऱ्यांनी आणीबाणीत केलेल्या कामाचा साधारणपणे फक्त ओव्हरटाइम धरला जातो, नेहमीचा पगार नाही. ज्या कौंटीत माझ्यासारखा एखादा कारकून पहिल्या तासापासून नोंदी ठेवतो, तिथे पैसे येतात. जिथे रस्त्याचा फोरमनच करवत चालवतोय आणि तोच हिशेबही ठेवतोय, ती सगळ्यात गरीब कौंटी, आणि तिचेच दावे कापले जातात. मला याचा मनापासून राग येतो. राज्याने वादळाच्या दुसऱ्याच दिवशी अशा कौंट्यांना नोंदी ठेवणारी माणसं उसनी द्यावीत, यासारखा स्वस्त उपाय मला दुसरा दिसत नाही.

आणखी एक, थोडं बाजूचं. खांबावरची तार घराच्या भिंतीवरच्या ज्या नळीतून आत येते, ती नळी आणि मीटरची पेटी बहुतेक ठिकाणी घरमालकाची असते. फांदीने ती उखडली तर रस्त्यावर वीज आली तरी तुमच्या घरात येत नाही. आधी इलेक्ट्रिशियन, मग तपासणी, मग जोडणी. ज्याच्याकडे इलेक्ट्रिशियनचे पैसे नाहीत तो अंधारातच. वीज कंपनीच्या यादीत मात्र त्या भागात वीज सुरू झालेली दिसते. तुमच्या मार्गदर्शकांच्या टक्केवारीत हे घर कुठेच नाही.

उत्तरवारा

हिशेबनीस, शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. मी स्लोव्हेनियात राहतो, म्हणून इथलं थोडं. २०१४च्या जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला इथे असंच झालं. साधारण चारांपैकी एका घराची वीज गेली, पोस्तोयनाच्या बाजूला रेल्वेच्या विजेच्या तारा बर्फासकट खाली आल्या. देश छोटा, जनरेटर पुरेनात, म्हणून सरकारने युरोपियन युनियनच्या नागरी संरक्षण यंत्रणेमार्फत मागणी केली आणि ऑस्ट्रिया, जर्मनी वगैरे देशांतून मोठे जनरेटर माणसांसकट आले. नंतर युरोपियन सॉलिडॅरिटी फंडातून सुमारे १ कोटी ८० लाख युरो मिळाले. पण इथे खरी दीर्घ जखम जंगलाची. सुमारे पाच लाख हेक्टर जंगलाला इजा झाली, मोडलेल्या झाडांत साल पोखरणारे भुंगेरे माजले आणि त्यापायी पुढे कित्येक वर्षं झाडं तोडावी लागली. वीज परत आली त्या दिवशी इथलं पुनर्वसन सुरूसुद्धा झालं नव्हतं.

माझा प्रश्न ताईंना: सगळ्या तारा जमिनीखाली का घालत नाहीत? दर वादळानंतर लोक हेच विचारतात आणि दर वेळी उत्तर गुळमुळीत मिळतं.

वीजवाहिनी

उत्तरवारा, सरळ उत्तर देते. ७३५ किलोव्होल्टची वाहिनी शेकडो किलोमीटर जमिनीखालून नेणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आणि खर्चाच्या दृष्टीने अशक्यप्राय आहे. गल्लीतल्या वितरणाच्या तारा मात्र खाली घालता येतात. नव्या वस्तीत ते करायलाच हवं. जुन्या वस्तीत रस्ता, पाण्याची नळी, गॅस, टेलिफोन सगळं उकरावं लागतं आणि खर्च कैक पट होतो. शिवाय खालची केबल बिघडली तर दोष शोधायला वेळ लागतो. म्हणून इस्पितळ, पंप, निवारा यांच्याकडे जाणाऱ्या फीडरपासून, म्हणजे वितरणाच्या मुख्य तारांपासून, सुरुवात करा, असं मी म्हणेन.

यासाठी क्यूबेकचंच दुसरं वादळ बघण्यासारखं आहे. ५ एप्रिल २०२३ला पुन्हा गोठणारा पाऊस आला आणि ११ लाख ग्राहकांची वीज गेली. १९९८ इतकं बर्फ नव्हतं हे खरं, पण मोठे मनोरे उभे राहिले. पडली ती शहरातली झाडं, तारांवर, आणि बहुतेकांची वीज काही दिवसांत आली. म्हणजे १९९८नंतर पारेषणावर, म्हणजे मोठ्या वाहिन्यांवर, खर्च केलेला पैसा कामी आला, आणि झाडांच्या छाटणीचा प्रश्न तिथेच राहिला. पायवाट, एकाच प्रांतातली ही दोन वादळं तुम्हाला टेक्ससपेक्षा जास्त शिकवतील. टेक्सस ठेवायचंच असेल तर ते शिफारशींच्या प्रकरणात ठेवा: फेब्रुवारी २०११मध्ये तिथे थंडीने अशीच वीज गेली होती, फेडरल नियामकांनी केंद्रं थंडीसाठी सज्ज करा असं त्याच वर्षी लिहून दिलं, पण ते बंधनकारक झालं ते २०२१च्या मृत्यूंनंतर, टेक्ससच्या 'सिनेट बिल ३' या कायद्याने. दहा वर्षं अहवाल कपाटात होता. 'अहवाल येण्यापासून नियम होण्यापर्यंतचा काळ' हा मापदंड म्हणून घ्याच.

क्यूबेकमध्ये हा काळ तुलनेने कमी होता. अभियंते रॉजे निकोले यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. १९९६च्या सागने पुरानंतर धरणांची चौकशीही त्यांनीच केली होती. आयोगाने वीजजाळ्याइतकंच नगरपालिकांच्या तयारीवर बोट ठेवलं, कारण अनेकांकडे अशा प्रसंगाचा आराखडाच नव्हता. २००१मध्ये नवा नागरी सुरक्षा कायदा झाला. वाहिन्यांवर साधारण दर दहा मनोऱ्यांमागे एक जास्त मजबूत मनोरा बसवला गेला, म्हणजे ओळ पडायला लागली तर तिथे थांबेल. लेव्हीच्या उपकेंद्रात तारांमधून मोठा एकदिश प्रवाह सोडून बर्फ वितळवणारी यंत्रणा आली. हिवाळ्यात कामी आली नाही तरी ती रिकामी बसत नाही. एरवी तीच यंत्रणा व्होल्टेज स्थिर ठेवते. अशा कामाला मी पुनर्वसन म्हणते.

पैशांचं हिशेबनीसांनी अमेरिकेपुरतं लिहिलं, कॅनडाचं जोडते. १९७०पासूनच्या फेडरल व्यवस्थेत तेव्हाचं सूत्र डोई खर्चावर होतं: दर माणशी पहिला एक डॉलर प्रांताचा, पुढच्या दोन डॉलरचे निम्मे ओटावाचे, म्हणजे फेडरल सरकारचे, त्यापुढच्या दोनांचे ७५ टक्के, आणि त्यावर ९० टक्के. क्यूबेकची तेव्हाची लोकसंख्या सुमारे ७३ लाख, म्हणजे पहिले ७३ लाख डॉलर प्रांताचे, आणि नुकसान एवढं होतं की बहुतेक पात्र खर्च ९०च्या टप्प्यात गेला. भांडण झालं ते 'पात्र' कशाला म्हणायचं यावर. हायड्रो-क्यूबेकच्या दुरुस्तीचा वाटा प्रांताने मागितला, ओटावाने नाकारला, आणि वाद वर्षानुवर्षं चालला.

एक बाजू मात्र कौतुकाच्या भरात सुटू देऊ नका. वादळानंतर लगेच सरकारने नव्या वाहिन्यांची कामं नेहमीच्या सार्वजनिक सुनावण्यांशिवाय हुकूमनाम्यांनी मंजूर केली. एर्तेल ते दे कांताँ ही ७३५ किलोव्होल्टची वाहिनी त्यातली एक. ज्यांच्या शेतांतून, टेकड्यांवरून ती जाणार होती ते लोक न्यायालयात गेले, आणि १९९९मध्ये न्यायालयाने ते हुकूमनामे बेकायदा ठरवले. मग विधानसभेने त्याच कामांसाठी वेगळा कायदा केला. मी वाहिन्यांची अभियंता आहे, ती वाहिनी हवी होती असंच माझं मत आहे, आणि तरीही ते लोक बरोबर होते. वादळाच्या आठवड्यात सैन्य बोलवायला, शाळा ताब्यात घ्यायला, इंजिन रस्त्यावर आणायला सुनावणी लागू नये. चाळीस-पन्नास वर्षं उभ्या राहणाऱ्या मनोऱ्याला लागलीच पाहिजे. आणीबाणीचे अधिकार कोणत्या तारखेला संपले, आणि ती तारीख आधी लिहिलेली होती का, हे तिन्ही ठिकाणी तपासा.

निकोले आयोगाचा अहवाल खंडांमध्ये आहे आणि फ्रेंच जड आहे. नगरपालिकांच्या तयारीबद्दलचा भाग आधी घ्या. कुठल्या पानावर अडलात तर इथेच लिहा, मी मराठीत उलगडून देईन.